शुभवर्तमानातील आरोग्यदान: विश्वास कुणाचा, केव्हा आणि किती?

कंदील (धागाकर्ता):

प्रार्थना झाली, आजार हटला नाही, आणि मग घरच्यांच्या कानावर येतं, "विश्वास कमी पडला." प्रार्थनासभांमधून हे वाक्य इतक्या सहज उच्चारलं जातं की ते पवित्र शास्त्रातच कुठेतरी असेल असं अनेकांना वाटतं. म्हणून हा धागा. चारही शुभवर्तमानांतल्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या पुस्तकांतल्या) आरोग्यदानाच्या घटना समोर ठेवून बघू, की तिथे विश्वास कुणी ठेवला, केव्हा ठेवला, आणि येशूने कुठल्या आजारी माणसाला असं सुनावलं का. अध्याय-ओवी देऊन लिहावं ही विनंती, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल.

सुरुवात मार्क ५:२१-४३ पासून करतो. याईर हा सभास्थानाचा (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाचा) अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. येशू त्याच्या घरी निघतो आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली एक बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. मार्क तिची परिस्थिती नेमकी सांगतो: पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते खर्चलं, गुण तर नाहीच, उलट दुखणं वाढलं.

हा उतारा तीन विश्वासांचा आहे. बाईचा विश्वास चोरटा आणि घाबरलेला आहे. वस्त्राला शिवलं की पुरे, कुणाला कळायला नको, अशी तिची समजूत. बापाचा विश्वास वाटेतच मोडायला आलेला आहे, कारण तेवढ्यात घरून निरोप येतो, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता. आणि मुलगी? ती तर मेलेली आहे, ती विश्वास कसा ठेवणार! तिघांनाही मिळायचं ते मिळालं.

मत्तय ९:१८-२६ मध्ये हीच घटना नऊ ओव्यांत आटोपते, मार्कला तेवीस लागतात. मत्तयाचा अधिकारी आल्याआल्याच "मुलगी आत्ताच मेली" असं म्हणतो, त्यामुळे वाटेतला तो भयंकर निरोप त्याच्याकडे नाहीच. फक्त मत्तय वाचून प्रवचन केलं तर बापाचा विश्वास पहिल्यापासून पोलादी वाटतो. मार्क वाचला की त्याच्या पायाखालची जमीन सरकताना दिसते, आणि "भिऊ नको, विश्वास मात्र धर" हे शब्द नेमके त्या क्षणी येतात. ते धीराचे शब्द आहेत, परीक्षेचे नव्हेत.

रानजाई:

छान सुरुवात. या बाईच्या बाबतीत जुन्या करारातलं लेवीय १५:२५-३० (शुद्ध-अशुद्धतेचे नियम) सोबत वाचायलाच हवं. स्राव चालू असेपर्यंत ती अशुद्ध, ती ज्यावर निजेल-बसेल ते अशुद्ध, आणि त्याला जो शिवेल त्याने कपडे धुवायचे, आंघोळ करायची आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहायचं. स्राव थांबल्यावर सात दिवस मोजायचे आणि आठव्या दिवशी दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं याजकाकडे न्यायची. बारा वर्षं हे असं! गर्दीत शिरणं हेच तिचं धाडस होतं. येशू "मला कोण शिवलं" म्हणून थांबतो आणि सगळ्यांदेखत तिला "मुली" म्हणतो. दुखणं तर आधीच थांबलं होतं. माझ्या मते लोकांत परत येण्याची तिची वाट त्या एका हाकेने मोकळी झाली.

आता कंदील यांच्या प्रश्नाकडे. आजाऱ्याच्या विश्वासाचा उल्लेखच नाही अशा घटना वाटतात त्याहून बऱ्याच जास्त आहेत:

बेथेस्दा तळ्याकाठचा अडतीस वर्षांचा रोगी (योहान ५). त्याला "बरा होऊ इच्छितोस का" विचारलं तर तो गाऱ्हाणं सांगतो, मला पाण्यात सोडायला कोणी नाही. बरा झाल्यावरही आपल्याला कुणी बरं केलं हे त्याला ठाऊक नाही (५:१३).

नाईन गावच्या विधवेचा मुलगा (लूक ७:११-१७). कुणी काही मागितलंच नाही. येशूला कळवळा आला, एवढंच कारण.

अठरा वर्षं कुबड घेऊन वावरणारी बाई (लूक १३:१०-१७). तीही काही मागत नाही, येशूच तिला बोलावतो.

महायाजकाच्या दासाचा तुटलेला कान (लूक २२:५०-५१). योहान त्याचं नाव मल्ख असं देतो. हा माणूस येशूला धरायला आलेल्या टोळीतला!

जन्मांध (योहान ९). चिखल डोळ्यांना लावला, शिलोह तळ्यात धुवायला सांगितलं, दिसू लागलं. "माझा विश्वास आहे" हे तो म्हणतो ते थेट ३८ व्या ओवीत, म्हणजे सभास्थानातून बाहेर घालवल्यानंतर. इथे विश्वास आरोग्याच्या मागून आला.

दहा कुष्ठरोगी (लूक १७:११-१९). दहाही शुद्ध झाले, परतला एक शोमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला). बाकीच्या नऊ जणांचा रोग परत आला असं लूक कुठेही म्हणत नाही.

गावठाण:

दुसऱ्याच्या विश्वासावर बरे झालेल्यांची यादी वेगळी करा. शताधिपतीचा चाकर (मत्तय ८:५-१३), कनानी बाईची मुलगी (मत्तय १५:२१-२८), आणि खाटेवरचा पक्षघाती (मार्क २:१-१२).

पक्षघाती माणसाच्या घटनेत चौघं खाट उचलून आणतात, दारात गर्दी, म्हणून छपर उकरतात. मार्क उकरण्याबद्दल लिहितो, लूक (५:१९) कौलांचा उल्लेख करतो. गालीलातली साधी घरं म्हणजे लाकडी तुळया, वर फांद्या-काटक्या आणि त्यावर चोपलेली माती. सोलापूर-मराठवाड्याकडच्या ज्यांनी माळवद पाहिलंय त्यांना हे लगेच डोळ्यांपुढे येईल. असं छपर उकरायला वेळ लागतो, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडते, घरमालकाचं नुकसान होतं. पाचवी ओवी म्हणते, "त्यांचा विश्वास पाहून". अनेकवचन आहे. खाटेवरचा माणूस अख्ख्या घटनेत एक शब्द बोलत नाही.

मंडळीत (चर्चच्या समुदायात) कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर हा उतारा खाट उचलणाऱ्यांना वाचून दाखवावा. आजाऱ्याला त्याचा जाब विचारण्यासाठी तो लिहिलेला नाही.

नवी_द्राक्षी:

तुमचे मुद्दे आदराने वाचले, पण तराजू एकीकडे झुकतोय. वचन विश्वासाला आरोग्याशी जोडतं, हे नाकारता येणार नाही. नासरेथात, म्हणजे स्वतःच्याच गावी, येशूला "काही महत्कृत्य करता आलं नाही" (मार्क ६:५), आणि पुढच्याच ओवीत त्यांच्या अविश्वासाचं आश्चर्य. दोन आंधळ्यांना "तुमच्या विश्वासाप्रमाणे तुम्हाला प्राप्त होवो" (मत्तय ९:२९). लुस्त्रातल्या लंगड्याला बरं होण्याचा विश्वास आहे हे पाहून प्रेषित पौल त्याला उभं राहायला सांगतो (प्रेषितांची कृत्ये १४:९). मार्क ११:२४: जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. आणि यशया ५३:५, "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांस आरोग्य प्राप्त झाले." हे सगळं बाजूला सारून प्रार्थना केली तर ती नुसती सांत्वनाची औपचारिकता उरते. आजाऱ्याजवळ जाताना अपेक्षा घेऊन जायचं की नाही?

कंदील:

अपेक्षा घेऊनच जायचं. तुम्ही दिलेल्या ओव्या बाजूला सारायच्या नाहीत, त्यांच्या आजूबाजूच्या ओव्याही वाचायच्या.

नासरेथ: ६:५ चा उत्तरार्ध असा आहे की थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. म्हणजे त्या अविश्वासी गावातही जे आजारी त्याच्यापर्यंत पोचले ते बरे झाले. अविश्वास कुणाचा? "हा सुतार ना, मरीयेचा मुलगा ना" म्हणणाऱ्या धडधाकट गावकऱ्यांचा (६:३).

मार्क ११:२४: लगेच पुढची ओवी क्षमेची आहे, ती बहुधा गाळली जाते. आणि याच मार्कमध्ये १४:३६ ला येशू स्वतः, अटकेआधी गेथशेमाने बागेत, प्याला (म्हणजे समोर आलेलं दुःख) दूर करण्याची विनंती करतो, पण "माझ्या इच्छेप्रमाणे नको" असं जोडून. ११:२४ चा जो अर्थ गेथशेमानेतल्या प्रार्थनेला नापास ठरवतो, तो अर्थ चुकलेला आहे.

यशया ५३: मत्तय ८:१७ ला चौथी ओवी प्रत्यक्ष आजारांना लावतो, हे खरं. १ पेत्र २:२४ मात्र पाचवी ओवी पापाला लावतं, आणि तो परिच्छेद मार खाणाऱ्या चाकरांना उद्देशून आहे (२:१८). दोन्ही उपयोग नव्या करारातलेच आहेत. त्यातला एकच उचलून "आजार उरला म्हणजे तारण अपुरं" असं म्हणता येत नाही.

आणखी एक. मत्तयातला "अल्पविश्वासी" हा ठपका (६:३०, ८:२६, १४:३१, १६:८) अन्नवस्त्राची चिंता, वादळ, लाटा, भाकरीची चर्चा अशा प्रसंगी येतो, आणि ऐकणारे शिष्य असतात. आजाऱ्याला तो एकदाही ऐकवलेला नाही.

गावठाण:

आणि जिथे आरोग्यदान खरोखर फसलं, ती एकच सविस्तर घटना बघा, मार्क ९:१४-२९. झटके येणारा मुलगा. तो लहानपणापासून विस्तवात, पाण्यात पडतो, तोंडाला फेस येतो. शिष्यांना जमलं नाही. दोष कुणाकडे गेला? मत्तय १७:२० स्पष्ट सांगतो, "तुमच्या अल्पविश्वासामुळे", म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांच्या. मुलाकडे बोट नाही, बापाकडेही नाही. बाप तर म्हणतो, "आपल्या हातून काही होत असेल तर", आणि पुढे, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा उठून उभा राहिला.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. प्रार्थना करणारा सुटतो आणि आजारी अडकतो.

तळटीपवाला:

हस्तलिखितांबद्दल थोडं, कारण याच विषयात त्याने मोठा फरक पडतो.

मार्क १६:९-२०, म्हणजे "ते सर्प उचलतील, प्राणघातक काही प्याले तरी बाधणार नाही, दुखणाइतांवर हात ठेवतील", हा भाग सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाही. तो जुना मात्र आहे, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनेयस हा ख्रिस्ती लेखक त्यातली ओवी उद्धृत करतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो नंतर जोडला गेला. फक्त त्याच्या आधारावर सर्पदंशाला प्रार्थना पुरेशी मानणं हा जिवाशी खेळ आहे.

योहान ५:४, देवदूत बेथेस्दा तळ्याचं पाणी हलवतो ती ओवी, पपायरस ६६ आणि ७५ या जुन्या हस्तलिखितांत नाही, वरच्या दोन हस्तलिखितांतही नाही. नव्या छापील आवृत्त्यांत ती कंसात किंवा तळटिपेत दिसते. तळं मात्र खरं आहे. यरुशलेमेत सेंट अ‍ॅन चर्चच्या आवारात उत्खननात दोन कुंडं आणि मधली भिंत सापडली. चार बाजूंच्या चार पडव्या आणि मधल्या भिंतीवरची पाचवी, असा योहानाच्या पाच पडव्यांचा हिशेब लागतो. तिथे रोग्यांचा मोठा समुदाय होता आणि बरा झालेला एकच, हेही त्याच अध्यायात आहे.

मार्क ९:२९: (झटके येणाऱ्या मुलाच्या घटनेचा शेवट) हे "प्रार्थनेवाचून" निघत नाही, एवढंच वरच्या दोन हस्तलिखितांत आहे, "उपासावाचून" ही भर बहुतेक अभ्यासकांच्या मते नंतरची. ताप, मधुमेह किंवा गरोदरपण असताना आजाऱ्यालाच उपास करायला लावणाऱ्यांनी ही तळटीप अवश्य वाचावी.

रानजाई:

बरे न झालेले विश्वासू लोकही मोजा ना! पौलाने शरीरातल्या काट्यासाठी (सतत छळणाऱ्या त्रासासाठी) तीनदा विनवलं, उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे" (२ करिंथ १२:७-९). त्याच्या सोबती त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून पुढे जावं लागलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायचा सल्ला (१ तीमथ्य ५:२३). त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाला टेकला होता (फिलिप्पै २:२७). तो वाचला, तर पौल देवाने दया केली म्हणतो, त्याच्या विश्वासाचं मोजमाप काढत नाही.

जुन्या करारात तर कुष्ठरोगी सेनापती नामानाला बरं करणारा संदेष्टा अलीशा स्वतः दुखण्याने मेला (२ राजे १३:१४). संदेष्ट्याचाच विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

नवी_द्राक्षी:

अलीशाचा संदर्भ माझ्या नजरेतून सुटला होता. नोंद घेतली. मग याकोब ५:१५ कसं वाचायचं? "विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील." हे तर सरळ आश्वासन आहे.

कंदील:

चौदावी ओवी धरून पायऱ्या मांडू. आजाऱ्याने काय करायचं? मंडळीच्या वडिलांना (म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना) बोलवायचं, बस. पुढचं सगळं वडिलांनी: प्रभूच्या नावाने तेल लावायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची. पंधराव्या ओवीतली "विश्वासाची प्रार्थना" ही त्यांचीच, अंथरुणावरच्या माणसाची नव्हे. सोळाव्या ओवीत पापांची कबुली "एकमेकांजवळ" आहे. वडिलांनी खुर्चीत बसून आजाऱ्याची उलटतपासणी घ्यावी असं तिथे नाही. आश्वासन मोठं आहे, मी ते लहान करणार नाही. पण ज्या माणसात बसून प्रार्थना म्हणायचीही ताकद नाही त्याच्यावरचं ओझं काढून मंडळीवर टाकणारा हा उतारा आहे.

होळी_क्रॉस:

वसईकडचे कॅथलिक वाचक इथे असतील, त्यांच्यासाठी. याच ओवीवर आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार उभा आहे. पूर्वी तो अगदी शेवटच्या घटकेला देत, म्हणून फादर तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) १९६३ मध्ये ती समजूत दुरुस्त केली आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला. आता कपाळ आणि हात एवढ्यांनाच तेल लावतात. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, उतारवयातला अशक्तपणा, यांपैकी कशाहीसाठी संस्कार मागता येतो, आणि दुखणं वाढलं तर पुन्हाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत थांबू नका. शुद्धीत असताना त्याला स्वतः "आमेन" म्हणता आलं पाहिजे.

आरोग्यप्रार्थनेच्या मोठ्या सभांसाठी व्हॅटिकनने १४ सप्टेंबर २००० रोजी सूचना काढल्या. उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा आणि खळबळ टाळा, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

तळटीपवाला:

साक्षींबद्दलही शिस्त हवी. येशू कुष्ठरोग्याला बरं करून थेट म्हणतो, कुणाला सांगू नकोस, आधी जाऊन याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर (मार्क १:४४). लेवीय १४ मधली ती तपासणी किती सविस्तर आहे! याजक छावणीबाहेर जाऊन बघतो. दोन पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब नावाची वनस्पती. मग कपडे धुणं, सगळे केस काढणं, सात दिवस तंबूबाहेर, सातव्या दिवशी पुन्हा केस काढणं, आठव्या दिवशी दोन कोकरं, एक मेंढी, तीन दशमांश एफा पीठ आणि एक लोगभर तेल (एफा, लोग ही तेव्हाची मापं). गरिबासाठी एकच कोकरू, एक दशमांश पीठ आणि दोन पक्षी. एवढं झाल्यावर माणूस बरा ठरला.

फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्रातही तीच वृत्ती दिसते. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं कार्यालय आहे. आजार गंभीर आणि निदान पक्कं, सुधारणा अचानक, पूर्ण आणि टिकाऊ, उपचारांनी तिचा उलगडा होत नाही, या कसोट्या अठराव्या शतकात लांबेर्तिनी यांनी घालून दिल्या (तेच पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट). सात हजारांवर दाव्यांतून चमत्कार म्हणून मान्य झाले ते सत्तरच्या थोडे वर. त्याच संध्याकाळी माईकवर साक्ष घेण्याची घाई तिथे कुणाला नाही.

औषधाचा_डबा:

या धाग्यात हे लिहिलंच पाहिजे. "विश्वास असेल तर गोळ्या सोड" याला शास्त्रात आधार नाही. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली आणि तरी यशयाने गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं (२ राजे २०:५-७). येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला (लूक १०:३४). कॅथलिक बायबलमधला बेन सिरा अध्याय ३८ तर वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधं देवाने जमिनीतून निर्माण केली असं म्हणतो. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी उभं केलेलं मिशन रुग्णालय याच विश्वासातून आलं.

अचानक बंद केल्याने काय होतं: फिटची गोळी थांबली की एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन सुटलं तर एक-दोन दिवसांत जीव धोक्यात. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो. क्षयाची औषधं बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. बरं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, तपासण्या करा, मात्रा ते कमी करतील. खरं आरोग्य तपासणीला घाबरत नाही.

साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्र-तंत्र करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायदा कुठल्याही धर्माला सूट देत नाही.

गावठाण:

पैशाचंही सांगून टाका. "फुकट मिळालं, फुकट द्या" (मत्तय १०:८). नामानाकडून अलीशाने काही घेतलं नाही. त्याचा चाकर गेहजी याने मागे धावत जाऊन दोन किक्कार (तेव्हाचं वजन) चांदी आणि दोन पोशाख घेतले आणि नामानाचा रोग त्याच्या अंगावर आला (२ राजे ५:२०-२७). जादूगार शिमोनाने दैवी सामर्थ्य विकत घ्यायला पैसे पुढे केले तेव्हा पेत्राचं उत्तर प्रे. कृत्ये ८:२० मध्ये आहे. प्रार्थनेचा दर ठरला असेल तिथून उठून यावं.

नवी_द्राक्षी:

एक व्यवहाराचा प्रश्न. आमच्याकडे वडील घरोघरी जातात. आजाऱ्याजवळ नेमकं काय करावं? आणि ऑलिव्ह तेलच हवं का, खोबरेल चालेल?

कंदील:

आधी विचारा. आंधळ्या बार्तीमयालासुद्धा येशूने "मी तुझ्यासाठी काय करावं" असं विचारलं होतं (मार्क १०:५१). कुणाला बरं व्हायचं असतं, कुणाला झोप हवी असते, कुणाला मुलाशी समेट. जे सांगतील तेच मागा. दोघं-तिघं पुरेत, दहा मिनिटं पुरेत, आवाज हळू. हात ठेवण्याआधी परवानगी घ्या, आणि टाके, सलाईन, सूज असलेल्या जागी ठेवू नका. एकच छोटा उतारा वाचा. "तू बरा झालास असं म्हण" असा आग्रह नको. निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगा आणि डबा, औषधं, दवाखान्याची सोबत यातलं काय लागतंय ते लिहून घ्या. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूने तिला खायला द्यायला सांगितलंच होतं.

होळी_क्रॉस:

तेलाचं मी सांगतो. कॅथलिक संस्कारात तेल बिशपांनी पवित्र सप्ताहात आशीर्वादित केलेलं असतं, निकडीच्या वेळी धर्मगुरू स्वतः आशीर्वाद देऊ शकतात, आणि संस्कार फक्त धर्मगुरूच देतात. १९७२ पासून ऑलिव्ह नसेल तर दुसरं वनस्पतिजन्य तेल चालतं, म्हणजे खोबरेलही. याकोबाने तेलाचा प्रकार लिहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या मंडळीतही अडचण नसावी. कपाळावर बोटाच्या टोकाएवढंच लावा. भाजलेल्या किंवा उघड्या जखमेवर अजिबात नको, आणि बाटली घरोघरी तीच फिरत असेल तर बोट आत बुडवू नका, कापसाच्या बोळ्यावर घ्या.